मांगं काऊन पायलं त्यानं?

वाचकांचे प्रश्न आणि गुरुजींची उत्तरं

मागच्या अंकात ग्रीक पुराणातली ऑर्फियस आणि युरिडिसीची गोष्ट दिली होती, त्यावर या महिन्यात पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघा-तिघांनी तर बाजाराच्या दिवशी गाठून विचारलं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑर्फियस हा थ्रेसचा गवई, त्याच्या गाण्यानं झाडं आणि दगडसुद्धा जागचे हलायचे. नवीनच लग्न झालेलं, बायको युरिडिसी मैत्रिणींसोबत गवतातून चालली होती, घोट्याला साप डसला आणि ती गेली. हा वाद्य घेऊन जिवंतपणी पाताळात उतरला, गाऊन तिथल्या राजा-राणीला पाझर फोडला, त्यांनी बायको परत दिली पण अट घातली की वर उजेडात पोचेपर्यंत मागं वळून पाहायचं नाही. दारापाशी आला आणि त्यानं पाहिलं. ती गेली, कायमची.

दर्यापूर तालुक्यातून एक ताई लिहितात: "गुरुजी नमस्कार. तुमची गोष्ट मी सासूबाईले वाचून दाखवली. सारं आयकून त्या म्हणे, एवढं खाली जाऊन आला अन् दारापाशी येऊन मांगं पायते, असा कसा येडा माणूस बाप्पा. मले तसं नाही वाटलं पण उत्तर देता आलं नाही. सासरे गेले तवा माह्या मालकानं मडकं फोडलं, तवाबी सारे म्हणत होते मांगं पाऊ नको, मांगं पाऊ नको. हे तेच हाये का जी? अन् त्यानं पायलं काऊन?"

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या म्हणतात तेच रोमन कवी व्हर्जिल म्हणून गेला आहे. त्यानं ही गोष्ट इसवीसनपूर्व 29 च्या आसपास आपल्या शेतीवरच्या काव्यात घातली, हो, शेतीवरचंच काव्य आहे ते, नांगरणी, पीकपाणी, द्राक्षाचे वेल, जनावरं आणि शेवटी मधमाशा, आणि त्या मधमाशांच्या भागातच ऑर्फियस येतो. व्हर्जिल म्हणतो की त्याला अचानक वेड लागलं, पण लगेच पुढं म्हणतो की माफ करण्यासारखं वेड होतं, पाताळातल्यांना माफ करणं माहीत असतं तर. म्हणजे सासूबाईंचंही बरोबर आणि तुमचंही.

आता मडक्याचं. मी माझ्या वडिलांचं मडकं खांद्यावर घेऊन फिरलो आहे, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दगडानं एक भोक, पाण्याची धार लागलेली, आणि शेवटी पाठीमागं टाकून द्यायचं आणि सरळ चालू लागायचं. आमच्याकडचे म्हातारे सांगायचे की तू वळून पाहशील तर त्याचा पाय अडकेल, त्याला जाऊ दे. म्हणजे आपल्याकडं मागं पाहायचं नाही ते गेलेला सुखानं पुढं जावा म्हणून, आणि ऑर्फियसला मागं पाहायचं नव्हतं ते गेलेली परत यावी म्हणून. मनाई तीच पण वाट नेमकी उलटी. मला हे फार दिवसांपासून खटकत होतं, दोन्हीकडं एकच नियम कसा, आणि मग लक्षात आलं की ग्रीक लोकांत पण आपल्यासारखाच नियम होता, पाताळातल्या देवतांची पूजा केली की मागं न पाहता निघायचं.

याची एक फार चांगली गोष्ट आहे. जेसन नावाचा वीर आर्गो नावाच्या जहाजातून सोनेरी लोकर आणायला गेला होता आणि त्याच जहाजावर आपला ऑर्फियस पण होता, वल्ही मारणाऱ्यांना ठेका धरून द्यायला, आणि ज्यांच्या गाण्यानं खलाशी भुलून मरायचे त्या सायरन बायांचा आवाज यानंच आपल्या वाद्यानं झाकून टाकला. तर त्या प्रवासात जेसनला मध्यरात्री एकट्यानं हेकटी या पाताळातल्या देवीची पूजा करायची होती, नदीत अंघोळ, काळं वस्त्र, हातभर खोल खड्डा, त्यात मेंढी, मध, आणि मग पाठ फिरवून निघायचं, पायांचा आवाज आला तरी, कुत्री भुंकली तरी वळायचं नाही. आवाज आला, कुत्री भुंकली, जमीन हादरली, जेसन घाबरला, पण वळला नाही.

म्हणजे बघा ताई, ज्याला मागून एवढे आवाज आले तो वळला नाही, आणि त्याच जहाजावरचा सोबती ऑर्फियस, त्याला काहीच ऐकू आलं नाही, तो वळला.

आणि माझ्या मते उत्तर इथंच आहे. दुसरा रोमन कवी ओव्हिड, इसवी सन 8 च्या सुमारास त्यानं हीच गोष्ट लिहिली, तो त्या वाटेचं वर्णन करतो, चढाची, अंधारी, धुक्यानं भरलेली आणि मुक्या शांततेची. ती मागून येते आहे पण ती अजून सावलीच आहे, सावलीच्या पायाचा आवाज होत नाही. लहानपणी आम्ही वावरातून सांजचं घरी यायचो, मी पुढं, आई मागं, तिच्या डोक्यावर वैरणीचा भारा, अंधार पडलेला, धुऱ्यानं चालायचं. मी एकदाही मागं पाहत नसे, गरजच नव्हती, तिच्या बांगड्या वाजायच्या, भाऱ्याची पानं खसखस करायची, मला माहीत असायचं ती कुठवर आली. पण एकदा ते सगळं बंद झालं. मी थबकलो आणि वळून पाहिलं, ती थांबून पायातला काटा काढत होती. मला तेव्हा कोणी देवानं अट घातली असती तरी मी पाहिलंच असतं. आणि मी तर साधं पोरगं, ऑर्फियसचं तर सगळं जगणंच कानावर, ज्याला झाडाचा दगडाचा प्रतिसाद ऐकायची सवय त्याला आयुष्यात पहिल्यांदा मागून काहीच ऐकू येत नाही, तेही सगळ्यात प्रिय माणसाचं. ओव्हिड म्हणतो की ती मागं राहते की काय या भीतीनं आणि तिला पाहायच्या ओढीनं तो वळला. त्यात एक बारीक गोष्ट अशी की पाताळात तिला बोलावलं तेव्हा ती लंगडत आली होती, साप डसलेला पाय अजून दुखत होता. त्यानं ते पाहिलं होतं. लंगडणारं माणूस चढाच्या वाटेवर मागं आहे आणि आवाज नाही, सांगा सासूबाईंना, हा येडा नाही.

तिवसा तालुक्यातल्या एका भजनी मंडळाचे पेटीवाले विचारतात: "त्याच्या हातात वाद्य कोणतं होतं, आणि यमाला पाझर फुटेल असं तो गायला तरी काय? आमची मंडळी मयताच्या घरी रात्र रात्र भजन म्हणते म्हणून विचारतो."

भाऊ, वाद्याचं नाव लायर. त्याची जन्मकथा अशी की हर्मीस देव ज्या दिवशी जन्मला त्याच दिवशी गुहेबाहेर त्याला कासव दिसलं, त्यानं त्याच्या पाठीची ढाल घेतली, वर दोन दांड्या आणि एक आडवी काठी बसवली, मेंढीच्या आतड्याच्या सात तारा ताणल्या, झालं वाद्य. मग त्यानं अपोलोच्या गाई चोरल्या आणि ते भांडण मिटवताना हे वाद्य अपोलोला देऊन टाकलं, आणि अपोलोकडून ते ऑर्फियसला आलं. ऑर्फियसची आई कॅलिओपी, नऊ कलादेवतांपैकी एक. वीणेसारखे पडदे त्याला नाहीत, आपल्या स्वरमंडळासारख्या मोकळ्या तारा, फक्त उभं धरून वाजवायचं, आणि आवाज मोठा नाही, गाणाऱ्याच्या गळ्याला आधार देईल एवढाच. तुमच्या गावापासून मोझरी जवळ आहे, तुकडोजी महाराजांनी हातात एक खंजिरी घेऊन सगळा मुलूख जागा केला, तेव्हा वाद्य केवढं यावर काही नसतं हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता गायला काय. ओव्हिडनं ते शब्द दिले आहेत आणि मला त्यातली एक ओळ फार लागते. तो आधी सांगतो की मी इथं बघायला नाही आलो, तुमच्या तीन डोक्यांच्या कुत्र्याला बांधायला नाही आलो, बायकोसाठी आलो. दुःख सोसायचा प्रयत्न केला, नाही म्हणत नाही, पण प्रेम जिंकलं. तुम्हालाही प्रेमानंच एकत्र आणलं ना. आणि मग म्हणतो की आम्ही सगळे शेवटी तुमच्याकडंच येणार आहोत, कोणी आज कोणी उद्या, ती पण तिचं आयुष्य भरलं की तुमचीच आहे, मी तिला दान म्हणून मागत नाही, उसनी मागतो. आपल्याकडं शेजारी वाटीभर साखर उसनी मागतो ना, परत आणून द्यायच्या बोलीवर, तशी त्यानं बायको उसनी मागितली. आणि देत नसाल तर मी पण परत जात नाही, दोघांचं मरण घ्या.

एवढं ऐकून तिथं काय झालं तर सिसिफस, ज्याला जन्मभर दगड डोंगरावर ढकलायची शिक्षा, तो त्याच दगडावर बसून ऐकू लागला. मला हे चित्र सगळ्यात आवडतं, कारण दगड तेवढा वेळ खाली आला नाही. इक्सायनचं फिरतं चाक थांबलं, पाण्यात उभा राहून तहानलेला टँटलस पाण्याला हात घालायचं विसरला, काळीज टोचणारी गिधाडं थांबली, आणि ज्या सूडाच्या देवींच्या डोळ्यात कधी पाणी नाही त्यांचे गाल पहिल्यांदा ओले झाले.

तुमच्या भजनाबद्दल म्हणाल तर भाऊ, मयताच्या घरी तुम्ही म्हणता त्यानं गेलेला परत येत नाही हे तुम्हालाही माहीत, घरच्यांनाही माहीत, पण तेवढी रात्र त्या घरातला दगड छातीवर येत नाही, माझी आई गेली तेव्हा हे मी अनुभवलं आहे. चालू ठेवा.

आणि पेटीवाले आहात म्हणून अजून एक सांगतो. युरोपात ऑपेरा म्हणजे गाण्यातून नाटक करायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी अगदी सुरुवातीलाच ही गोष्ट उचलली, 1600 साली फ्लॉरेन्समध्ये, मग 1607 साली मान्तुआला संगीतकार मॉन्तेव्हेर्दीनं, आणि 1762 साली व्हिएन्नात ग्लुकनं केली त्यात तर शेवट बदलला, प्रेमाचा देव येऊन तिला पुन्हा जिवंत करतो. आपल्या संगीत नाटकानं पण 1880 साली पुण्यात किर्लोस्करांच्या हातून कालिदासाची शकुंतला उचलली, ताटातुटीचीच गोष्ट. गाण्याला ताटातूट लागते असं दिसते.

पुसदहून अकरावीतली एक मुलगी विचारते: "हेडीस म्हणजे यमच का? आणि ग्रीकांचं पाताळ म्हणजे नरक का?"

बेटा, नाही. नरक फक्त वाईटांसाठी, हेडीसच्या राज्यात सगळेच जातात, चांगले, वाईट, राजे, गुराखी. न्याय करायला मिनॉस, रॅडमँथिस आणि इआकस असे तिघं बसलेले असतात, हेडीस स्वतः फक्त राजा, कडक पण लबाड नाही. त्याला दुसरं नाव प्लूटो, म्हणजे धनवान, कारण धान्य काय किंवा सोनं-चांदी काय, येते ते जमिनीतूनच, आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. त्याची राणी पर्सेफोनी, धान्याची देवी डिमीटरची मुलगी, तिला त्यानं पळवून नेलं, आई पोरगी शोधत फिरली, तोवर जमिनीत एक दाणा उगवला नाही, शेवटी तडजोड झाली पण पोरीनं तिथं डाळिंबाचा दाणा खाल्ला होता म्हणून वर्षाचा तिसरा भाग तिला खालीच राहावं लागते. म्हणून मला वाटते ऑर्फियसचं गाणं आधी तिला भिडलं असेल, वरच्या उजेडाची ओढ काय असते हे त्या दरबारात तिलाच माहीत. वाटेत नदी असते, कॅरन नावाचा म्हातारा नावाडी पलीकडं सोडतो, त्याचं भाडं म्हणून मेलेल्याच्या तोंडात एक नाणं ठेवायचे. आपल्याकडं तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवतात, आजीला विचार, ती सांगेल.

आर्वी तालुक्यातून एक शिक्षक लिहितात: "आपल्याकडं अशी गोष्ट आहे का? सावित्री सोडून सांगा, ती सगळ्यांना पाठ आहे."

सर, दोन आहेत, आणि दुसरी तर तुमच्या दारातली.

पहिली महाभारतात, आदिपर्वात. रुरू नावाचा ऋषिपुत्र आणि प्रमद्वरा, ती मेनका अप्सरेची आणि विश्वावसू गंधर्वाची मुलगी, म्हणजे गवयाचीच पोर. लग्न ठरलेलं, मैत्रिणींसोबत खेळताना झोपलेल्या सापावर पाय पडला आणि गेली. युरिडिसीपण मैत्रिणींसोबतच होती, सापच होता, पायच होता. रुरू रानात जाऊन रडला, तेव्हा देवदूत आला आणि म्हणाला, तुझं अर्धं आयुष्य देत असशील तर ती उठेल. त्यानं क्षणभर विचार केला नाही, देऊन टाकलं, आणि ती झोपेतून उठावी तशी उठली. इथं काही लोक ऑर्फियसला नावं ठेवतात, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या एका ग्रंथात एक वक्ता म्हणतो की हा गवई मऊ मनाचा, याला बायकोसाठी मरायची हिंमत नव्हती म्हणून देवांनी त्याला नुसती तिची सावली दाखवून परत पाठवला. मला हे अजिबात पटत नाही. रुरूला विचारणारा कोणी आला, ऑर्फियसला कोणी विचारलंच नाही, आणि नाही दिली तर मी पण इथंच राहतो हे तो स्वतःहून म्हणाला होता.

दुसरी गोष्ट इंदुमतीची. विदर्भाच्या भोज राजाची बहीण, तुमच्या आर्वीसमोर वर्धा नदीच्या पलीकडं जे कौंडण्यपूर आहे तीच विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर असं मानतात. स्वयंवरात तिनं अयोध्येच्या अजाला माळ घातली. कालिदासानं रघुवंशाच्या आठव्या सर्गात लिहिलं आहे की दोघं बागेत असताना आकाशातून नारद चालले होते, गोकर्णाला शंकरापुढं गायला, वाऱ्यानं त्यांच्या वीणेवरची फुलांची माळ उडाली आणि इंदुमतीच्या छातीवर पडली, आणि ती गेली. ग्रीकांकडं वाद्य माणसाला परत आणायला निघते, इथं वाद्यावरच्या फुलानंच माणूस जाते. अज तिला मांडीवर घेतो तेव्हा कालिदास म्हणतो, तारा उतरलेली, पुन्हा जुळवायची राहिलेली वीणा जशी मांडीवर घ्यावी तशी. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि प्रत्येक वेळी या ओळीला थांबलो. पुढं अज म्हणतो की तू माझी गृहिणी, सल्लागार, एकांतातली मैत्रीण, आणि कलांमध्ये माझी लाडकी शिष्या होतीस, सांग मृत्यूनं माझं काय नेलं नाही. वसिष्ठांचा निरोप येतो की सारखं रडू नको, आपल्या माणसाचे अश्रू गेलेल्याला जाळतात, म्हणजे तेच, मागं पाऊ नको. त्यानं ऐकलं का? नाही ऐकलं, पण पोरगा लहान होता, दशरथ, त्याच्यासाठी आठ वर्षं काढली, तिचं चित्र पाहत, स्वप्नात भेटत, आणि मग गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. या इंदुमतीचं नाव आपल्या गावागावात पोरींना माहीत व्हावं असं मला फार वाटते सर, दमयंती माहीत आहे, रुक्मिणी माहीत आहे, ही का नाही. शाळेत सांगा.

परतवाड्याजवळच्या एका गावातून नातवानं आजीच्या वतीनं मेसेज केला: "आजी म्हणते, आजोबाले जाऊन पाच वर्षं झाले. तिले फक्त एवढंच पायजे, ते दोघं मंग भेटले का नाही?"

भेटले, आजी.

ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा फक्त "येते मी" एवढंच म्हणाली, तेही त्याच्या कानापर्यंत नीट आलं नाही. तिनं तक्रार केली नाही, ओव्हिड म्हणतो, तक्रार तरी कशाची करणार, आपल्यावर प्रेम केलं याची? तो नदीकाठी सात दिवस अन्नपाण्याशिवाय बसला, नावाड्यानं दुसऱ्यांदा नेलं नाही. मग रानात गात राहिला, दुसरी केली नाही, आणि त्याचा राग धरून बेभान झालेल्या बायांनी त्याला मारून टाकलं. त्याचं शिर हेब्रस नदीतून वाहत गेलं आणि व्हर्जिल म्हणतो की तेव्हाही तोंडातून तिचंच नाव निघत होतं. त्याचं वाद्य आकाशात ठेवलं, त्यातली मोठी चांदणी म्हणजे आपलं अभिजित. कोजागिरीला रात्री आठच्या सुमारास अंगणात बसाल तेव्हा नातवाला म्हणा वायव्येकडं वर पाहा, निळसर पांढरी, चांगली ठळक दिसते.

आणि तो स्वतः पुन्हा खाली गेला, त्याच वाटेनं, सगळी ठिकाणं ओळखीची. तिला शोधलं आणि कवटाळलं. आता ते दोघं तिथं फिरतात, कधी सोबत, कधी ती पुढं आणि तो मागं, कधी तो पुढं चालतो आणि मागं वळून तिच्याकडं पाहतो, आणि ती असते.